लॉंचवरची जागा

लॉंचवर, म्हणजे कोचच्या मोटरबोटीवर, उभं राहून रोइंगच्या पोरांचा स्ट्रोक बघायला लागलो, तेव्हा सुरुवातीचे कित्येक महिने माझे पाय आपोआप ढकलायचे. समोरच्या बोटीतलं पोरगं कॅच घ्यायचं, म्हणजे वल्हं पाण्यात रोवायचं, आणि इकडे माझ्या मांड्या ताठ व्हायच्या. मोटर धरून बसलेला नाईक वैतागायचा. "साब, आप हिलते हो तो लॉंच डोलती है." अंगात मुरलेलं सगळं तोंडानं सांगता येत नव्हतं, मग ते पायातून बाहेर पडायचं.

पुण्यात मी रोइंगचा कोच आहे म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "ते सीओईपीचं, इंजिनिअरिंग कॉलेजचं मशालीवालं का?" त्यांचाही दोष नाही. 1928 पासून चालत आलेली ती रेगाटा पुण्यानं पिढ्यानपिढ्या बघितली आहे, आणि तिथल्या पोरापोरींची मेहनत मी जवळून पाहिली आहे. त्याच नदीवर बंडगार्डनच्या बाजूला रॉयल कॅनॉट बोट क्लब 1868 पासून आहे. पण माझं रोइंग या दोन्ही ठिकाणचं नाही. माझं सुरू झालं खडकीला, फौजेच्या इंजिनिअरांच्या बॉम्बे सॅपर्स सेंटरमध्ये, आणि वाढलं दापोडीला सीएमईच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पाण्यावर, फौजेच्या आर्मी रोइंग नोड या केंद्रात.

गाव माण तालुक्यातलं. ललिता बाबर ज्या मोहीची, तोच तालुका. आमच्याकडे धावणारी माणसं पिकतात, कारण धावायला पाणी लागत नाही. मी मात्र तालमीतला. भरती झालो, ट्रेनिंग संपत आलं आणि एका सकाळी उंच उंच रिक्रूट बाजूला काढले. उस्तादांनी विचारलं, "तैरना आता है?" म्हटलं, "नहीं उस्ताद." ते म्हणाले, "आ जायेगा." निवड संपली. कोणाला हसू येईल, पण सुरुवातीला याहून जास्त बघण्यासारखं काही नसतंच. लांब हात, लांब पाय म्हणजे लांब स्ट्रोक. पोहणं आणि सोसणं नंतर शिकवता येतं, उंची शिकवता येत नाही.

आमच्याच सेंटरच्या दत्तू भोकनळची गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे. चांदवडकडच्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी भागातला पोरगा, 2012 ला फौजेत आला आणि बोट इथंच पहिल्यांदा बघितली. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कलची, म्हणजे एकट्यानं दोन वल्ह्यांनी चालवायच्या बोटीची, सी फायनल (तेराव्या जागेपासून पुढचे नंबर ठरवणारी शर्यत) जिंकून तो तेरावा आला. 2018 च्या एशियाडला पालेम्बांगमध्ये स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत क्वाड्रपल स्कलचं, चौघांच्या बोटीचं सुवर्ण. त्यानंतर उंच रिक्रूटला 'पाण्याची भीती वाटते' असं म्हणायची सोयच राहिली नाही.

माझ्या स्वतःच्या पदकांबद्दल फार लिहीत नाही. स्वीपवाला होतो, म्हणजे प्रत्येकाच्या हातात एकच लांब वल्हं. कॉक्सलेस फोर (दिशा देणाऱ्या कॉक्सशिवायची चौघांची बोट) आणि एट (आठ जणांची बोट) यांत नॅशनलची सुवर्णं आली, इंडिया कॅम्प झाले. पुण्यात लोक सत्काराला बोलावतात तेव्हा 'राष्ट्रीय विजेते' म्हणून ओळख करून देतात आणि मग हमखास विचारतात, "म्हणजे होडीच ना?" मग पाठ गेली. स्वीपमध्ये अंग कायम एकाच बाजूला वळतं, हजारो किलोमीटर. एल फोर-एल फाइव्हच्या मधली गादी सरकली. फौजेतल्या डॉक्टरसाहेबांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली आणि मला काही विचारायची गरजच उरली नाही.

चॅम्पियन आपोआप कोच होतो, असा सगळ्यांचा समज. उदाहरण बजरंग लाल ताखर यांचं देतात. 2006 ला दोहात रौप्य, 2010 ला ग्वांगझूला सिंगल स्कलचं सुवर्ण, एशियाडमधलं भारताचं रोइंगचं पहिलं सुवर्ण. पुढे तेच राष्ट्रीय संघाचे कोच झाले. बलराज पंवार 2024 ला पॅरिस ऑलिंपिकला उतरला तेव्हा त्याच्यामागे ताखरसाहेब होते. उदाहरण खरं आहे, पण लोक पहिलं आणि शेवटचं पान वाचतात. मधली पानं लॉंचवर लिहिली जातात, आणि तिथं टाळ्या नसतात.

मला ज्यांच्या हाताखाली दिलं ते सुभेदारसाहेब कमी बोलणारे. त्यांनी पहिल्या दिवशी भोंगा माझ्या हातातून काढून घेतला आणि वही दिली. म्हणाले, तोंड बंद, जे दिसतं ते लिही. मी लिहिलं: 'दोन नंबरवाला पाठ लवकर उघडतो. तीन नंबर ढिला.' त्यांनी वाचलं, खोडलं. "ये तो तुझे पहले से पता था. आँख से क्या देखा?" मग त्यांनी सांगितलं की आठ दिवस माणसांकडे बघायचंच नाही. फक्त बोटीचं मागचं टोक बघायचं.

हे लिहायला सोपं आहे. रोअरला बोट आतून कळते, पाठीतून आणि तळव्यातून. बाहेरून ती पूर्ण वेगळी चीज आहे. बोटीचं शेपूट नीट बघितलं की दिसतं, प्रत्येक स्ट्रोकला ते किंचित खाली बसतं आणि पुन्हा वर येतं. माणसं पुढे सरकताना घाई करतात, सरकत्या सीटच्या स्लाइडवरून धाडकन येतात, तेव्हा सगळं वजन स्ट्रेचरवर, म्हणजे पाय टेकायच्या फळीवर आदळतं आणि शेपूट बुडतं. त्या क्षणी बोट थांबू पाहते. चांगल्या क्रूची बोट त्याच वेळी खालून पळत राहते. एट नुसती उभी केली तर अठरा मीटरच्या आसपास लांबीची, आणि तिच्या चालीतला दोष ओंजळीएवढ्या हालचालीत दिसतो. बोटीत बसून इतकी वर्षं काढली, पण हे मी कधी बघितलंच नव्हतं. बघणार कुठून, मी तर आत होतो.

दुसरी गोष्ट पाण्यातले भोवरे. ब्लेड, म्हणजे वल्ह्याचं पातं, पाण्यातून निघालं की मागे गोल भोवरा राहतो. एका स्ट्रोकचे भोवरे आणि पुढच्या स्ट्रोकचे भोवरे यांत अंतर किती, यावरून बोट फुकट किती पळाली ते कळतं. त्याच रेटला, म्हणजे मिनिटाला तेवढ्याच स्ट्रोकला, अंतर कमी व्हायला लागलं की समजायचं, पोरं दमली, भले ती दाखवत नसोत. भोवरा घट्ट आणि काळसर असेल तर पायानं दाबलंय. फेसाळ, पांढरा असेल तर ब्लेडनं पाण्याऐवजी हवा कापलीय. सुभेदारसाहेब स्टॉपवॉचकडे न बघता रेट सांगायचे, वीस की बावीस. मी घड्याळात तीन स्ट्रोक मोजून ताडायचो. बहुतेक वेळा तेच बरोबर निघायचे आणि मला त्याचा राग यायचा.

मग कोचिंगचा डिप्लोमा केला. पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा शिक्का असल्याशिवाय पुढे कोणी विचारत नाही, म्हणून केला हे खरं, पण तिथं एक गाठ सुटली. आमच्या काळी आम्हाला वाटायचं, जितकं मरू तितकं चांगलं. रोज घाम काढायचा, रोज ओकायचं. आणि उस्ताद मात्र अठरा-वीसच्या रेटला तासन्‌तास चालवायचे तेव्हा वाटायचं, हा माणूस आपला वेळ घालवतोय. वर्गात कानाच्या पाळीचं थेंबभर रक्त घेऊन लॅक्टेट, म्हणजे जोर केला की रक्तात वाढणारं द्रव्य, मोजायला शिकलो तेव्हा कळलं की त्या कंटाळवाण्या किलोमीटरमध्येच इंजिन बनतं. दोन हजार मीटरची शर्यत सहा-सात मिनिटांची, पण ती बहुतांश श्वासावर चालते. ज्यानं हळू चालवलं नाही त्याला शेवटचे पाचशे मीटर पायच सापडत नाहीत. आता पोरं कुरकुरतात, "सर, आज पण लाँग रो?" तेव्हा मी तीच उत्तरं देतो जी मला दिलेली मला पटली नव्हती.

नंतर पेन्शन आलो. गावी जाऊन काय करणार, पोरांची शाळा पुण्यात, मग बोपोडीलाच राहिलो आणि नदीकाठच्या एका क्लबात शिकवायला लागलो. इथं खरी परीक्षा होती. फौजेत 'करो' म्हटलं की करतात. इथं चौदा-पंधरा वर्षांची पोरं, दापोडीची, सांगवीची, खडकी बाजारातली. काहींना पोहता येत नाही. काहींना त्या पाण्याची किळस येते, आणि तीही रास्त आहे.

पाण्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. दापोडीला पवना मुळेला मिळते, आणि दोन्ही नद्या शहराचं काय काय घेऊन येतात ते हॅरिस ब्रिजवरून गाडीची काच उघडी ठेवून गेलात तरी समजेल. थंडी सरली की जलपर्णी येते. एका आठवड्यात हिरवं मैदान होतं, पोरं म्हणतात सर, क्रिकेट खेळू. ब्लेड अडकतं, बोटीच्या तळाची फिन अडकते, लॉंचचा पंखा अडकतो. पावसाळ्यात ती वाहून जाते, पण तेव्हा धरणांचं पाणी सुटतं, आणि त्या ओढीत लहान पोरांना घालणं म्हणजे वेडेपणा. उरतं काय? दिवाळीच्या आसपासपासून पुढचे थोडेच महिने. बाकी सगळं अर्गोवर, म्हणजे रोइंगच्या मशीनवर. अर्गोवर पाठ झालेला स्ट्रोक पाण्यावर आला की निम्मा विसरायला लावावा लागतो, कारण अर्गोला तोल नसतो. अर्गो कधी उलटत नाही.

मी स्वीपवाला आणि ही पोरं स्कलिंगची, दोन्ही हातात एकेक वल्हं. मध्यावर हात एकमेकांवरून जातात, डावा वर. बोटं सोलतात, नखं मनगटाच्या मागच्या बाजूला घासून रक्त येतं. मला ते माहीत होतं, पण माझ्या हातांना माहीत नव्हतं. म्हणून रविवारी क्लब रिकामा झाला की मी स्वतः सिंगलमध्ये बसायचो, पाठीला जेवढं झेपेल तेवढं. बोट जेमतेम कंबरेएवढी रुंद, वजन चौदा किलोच्या पुढे थोडंसं, आणि मी नव्वदचा गडी. काठावरून पोरं बघायची. पडलो की टाळ्या वाजवायची. पण त्यातून त्यांना सांगायला माझ्याकडे शब्द आले, आणि ते पुस्तकातले नव्हते.

शब्दांचंच सगळं काम आहे. 'पायानं ढकल, हातानं ओढू नकोस' हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. वर्गात साठ-तीस-दहा सांगतात, पाय, पाठ आणि हात यांचा ढोबळ वाटा. मला स्वतःला ते तालमीमुळे फार उशिरा आलं होतं. पैलवानाची सगळी पुंजी मनगटात, तो दिसेल ते आवळतो. हँडल आवळलं की पाचशे मीटरमध्ये कोपराखालचा हात दगड होतो. इथं एक रिक्षावाल्याचा पोरगा तेच करत होता. त्याला शेवटी म्हटलं, बाळा, बंद पडलेली रिक्षा ढकलताना तू काय करतोस? आधी पाय रोवतोस, अंग टाकतोस, आणि ती हलली की मग जोर वाढवतोस. दणका देत नाहीस, नाहीतर हात घसरतो. त्यानं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा कॅच बदलला. हेच वाक्य त्याच्या शेजारच्या मुलीला सांगितलं, तिला काही बोध झाला नाही. तिला बूट काढून नुसतं पाय टेकवून चालवायला लावलं. फिनिशला, म्हणजे स्ट्रोकच्या शेवटी, मागे झुकून पायांच्या पट्ट्यांवर लटकायची सवय असेल तर पाय सुटले की माणूस मागे कोलमडतो. दोन वेळा कोलमडली आणि तिसऱ्यांदा सरळ बसली. एकही शब्द लागला नाही.

आणि कधी कधी दोष माणसात नसतोच. एक ठेंगणी मुलगी होती, फिनिशला तिचं ब्लेड दर वेळी लवकर बाहेर यायचं. सगळे तिला ओरडायचे, 'शेवटपर्यंत दाबून धर.' ती बिचारी धरायची, ब्लेड तरीही बाहेर. काठावर बोट उलटी-सुलटी करून मापं घेतली. बोट होती एका उंच मुलासाठी लावलेली. गेट, म्हणजे वल्हं अडकवायची खोबण, तिच्या मानानं उंच, त्यामुळे ब्लेड पाण्यात ठेवायचं तर हँडल गळ्याशी आणावं लागायचं. ती ते पोटाशी आणत होती, कोणीही आणेल. दहा-तेराचा पाना घेतला, गेटखालचे दोन वॉशर काढून वर घातले, गेट सेंटिमीटरभर खाली आलं. स्ट्रेचर दोन खाचा पुढे घेतला. रोअर असताना आम्हाला बोट लावलेली मिळायची, कोणी लावली हे कधी विचारलं नाही. आता पाना खिशात असतो आणि बायको म्हणते पँटी फाटतात.

पण कोच होण्यातलं सगळ्यात अवघड काम तांत्रिक नाही. ते म्हणजे कोणाला बसवायचं आणि कोणाला काठावर ठेवायचं. त्यासाठी सीट रेस असते. दोन बोटी बरोबरीनं सोडायच्या, अंतर मोजायचं, मग दोन्ही बोटींतला एकेक माणूस अदलाबदल करायचा आणि पुन्हा सोडायच्या. निकाल किती फिरला, त्यावरून त्या दोघांत कोण बोट पळवतो ते निघतं. अर्गोवर जो पुढे तोच पाण्यावर पुढे असं नसतं, हे त्यात लख्ख दिसतं. राज्य निवडीच्या आधी क्वाडची शेवटची सीट दोघांत अडकली होती. अर्गोवर जो सरस होता तो हरला.

त्याचे वडील खडकीच्या कारखान्यात फिटर. संध्याकाळी आले, रागावलेले, पण आवाज चढवला नाही.

"सर, पोरगं पहाटे साडेचारला उठतंय. मशीनवर त्याचा नंबर पहिला. तुम्हीच भिंतीवर लावलाय."

"लावलाय दादा. ताकद त्याच्यात आहेच."

"मग?"

"मग उद्या तुम्ही या. मी काही बोलणार नाही, घड्याळ तुमच्या हातात."

ते खरंच आले. ड्युटी बदलून आले. लॉंचवर माझ्या शेजारी बसवलं, स्टॉपवॉच दिलं, दोन्ही वेळा त्यांनीच दाबलं. फिटर माणूस, मापाला पक्का. पोराची बोट पुन्हा मागे पडली. परत येताना ते मला म्हणाले, "हा पुढं येताना घाई करतोय, नाही का? त्याची बोट धक्के खातीय." मी अवाक् झालो. जे बघायला मला आठ दिवस वही घेऊन बसावं लागलं, ते या माणसानं पहिल्याच फेरीत टिपलं. यंत्राचा कान असलेल्याला बोट लवकर कळते की काय कोण जाणे. मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो सगळे पालक विचारतात, यातून नोकरीचं काय? सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, फौजेची दारं आहेत, एवढं सांगितलं. त्यापलीकडे मी कोणाला काही कबूल करत नाही. ज्या क्लबांत पहिल्याच महिन्यात पालकांना ऑलिंपिकची स्वप्नं विकतात, तिथली पोरं दुसऱ्या वर्षी दिसत नाहीत.

तोच पोरगा सध्या माझ्या डोक्याला ताप आहे. घाई कमी झालीय, तोल आलाय. पण वजन सत्तरच्या आतबाहेर, आणि आता वाढेल असं हाड नाही. काही वर्षांपूर्वी मी त्याला डोळे झाकून लाइटवेट डबलला, हलक्या वजनाच्या दोघांच्या बोटीत, बसवलं असतं. साडेबहात्तर किलोच्या आतला गट, आणि आपल्याकडच्या शरीरांना तो मानवायचा. अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग पुण्याच्याच आर्मी रोइंग नोडमध्ये घडले, टोकियोत त्याच गटात अकरावे आले, तेव्हा ती ऑलिंपिक रोइंगमधली भारताची सगळ्यात वरची जागा होती. पुढे 2023 ला हांगझूच्या एशियाडमध्ये रौप्य. पण पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून लाइटवेट काढून टाकलं. 2028 ला लॉस एंजेलिसला सगळे एकाच गटात, सत्तर किलोचा पोरगा आणि शंभर किलोचा जर्मन. त्यात तिथलं अंतर दोन हजारऐवजी दीड हजार मीटर, म्हणजे दणकट माणसाचं अजूनच फावलं.

माझा जुना फोरमधला साथीदार आता दुसऱ्या राज्यात कोच आहे. त्याचं म्हणणं, हलक्या पोरांवर वेळ घालवू नकोस, उंच शोध. मी म्हणतो, लॉस एंजेलिसला बीच स्प्रिंट पहिल्यांदाच येतंय, ते बघ. वाळूवरून पळत जायचं, बोटीत उडी मारायची, लाटांत अडीचशे मीटर बोयांच्या मधून वळणं घेत जायचं, वळायचं, सरळ परत यायचं आणि पुन्हा पळत जाऊन बटण दाबायचं. तिथं नुसतं वजन चालत नाही, पाय आणि डोकं लागतं. आपल्याकडे एवढा कोकण किनारा पडलाय. तो म्हणतो, तुझ्याकडे बोट कुठंय? बरोबर आहे. समुद्राची सिंगल वेगळी, रुंद आणि आखूड, पस्तीस किलोच्या खाली नसते. आमच्या क्लबात तशी एकही नाही, आणि मागणीचा कागद गेल्या वर्षापासून कुठल्या तरी टेबलावर आहे.

तोवर दिवाळीच्या सुट्टीत पोरांना दिवेआगरला नेतोय. बोट नसली तरी वाळूत पळायला आणि लाटेत पोहायला कोणाची परवानगी लागत नाही. फिटरसाहेब गाडी काढतो म्हणालेत. डिझेल निम्मं-निम्मं.